फळ, मोहन आणि वरचा विस्तव

फ्रूट क्रिस्पची कोणतीही कृती उघडा. पहिल्या ओळीत आंबट सफरचंद, दुसरीत ओट्स आणि तिसरीत 180 अंशांवर तापवून ठेवलेला ओव्हन. मुकुटबनच्या बाजारात सफरचंद मिळतं ते लाल, गोड आणि गाडीवर चार दिवस ऊन खाल्लेलं. ओट्स मागितले तर दुकानदार मसाला ओट्सचं पाकीट पुढे करतो. ओव्हन ज्यांच्याकडे आहे त्यांच्या घरी तो फ्रीजवर, भरतकाम केलेल्या रुमालाखाली, लग्नात आलेल्या डिनर सेटला टेकून बसलेला असतो. तरीही माझ्या ओळखीच्या चार-पाच घरांत गेल्या दोन-तीन वर्षांत हा पदार्थ करून पाहिला गेला आहे. कुणाचा जमला, कुणाचा फळांचा शिरा झाला, एकीचा वरून कच्चा आणि खालून कोळसा झाला. या सगळ्या यशापयशांकडे एकदा नीट पाहावं, म्हणून हा आढावा.

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं, झरी जामणी तालुक्यातलं गाव. माजरीहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे इथून जाते आणि थोडं पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागतं. जमिनीखाली चुनखडी आणि कोळसा, जमिनीवर कापूस, तूर आणि सोयाबीन. 2022 साली इथे वर्षाला 39 लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. मोठा कारखाना आला की बाहेरगावची कुटुंबं येतात, आणि त्यांच्या डब्यांतून गावात नवे पदार्थ येतात. बाकीचं काम मोबाइल करतो. पुण्यात शिकणारी पोरगी व्हिडिओ पाठवते आणि आई म्हणते, करून तर पाहू.

पदार्थ आहे अगदी साधा. तळाला चिरलेलं फळ, त्यावर पीठ, साखर आणि लोणी चोळून केलेला भुगा, आणि मग भाजणी. लाटायचं नाही, फुगवायचं नाही, आकार द्यायचा नाही. भुग्यात ओट्स असले की अमेरिकेत त्याला क्रिस्प म्हणतात, नसले की इंग्रज त्याला क्रंबल म्हणतात. प्रत्यक्षात दोन्ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात आणि त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. छापील पाकपुस्तकांत ॲपल क्रिस्पचा उल्लेख 1924 च्या सुमारास, इसाबेल एली लॉर्ड यांच्या अमेरिकी पुस्तकात येतो. म्हणजे पदार्थ फार पुरातन वगैरे नाही. इंग्लंडात क्रंबल घरोघर पोचलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या रेशनिंगमध्ये. 8 जानेवारी 1940 पासून तिथे लोणी आणि साखर कार्डावर आली आणि रेशनिंग पूर्ण उठायला 1954 उजाडलं. पायच्या पारीला लागतं तेवढं लोणी घरात नव्हतं, मग पारीऐवजी थोड्याशा चरबीत पीठ चोळून फळावर भुरभुरवायचं, अशी ती सोय. चणचणीच्या घरात वाढलेला पदार्थ आहे हा. त्यामुळे आपल्याकडे अमुक नाही, तमुक नाही, याचं दडपण घ्यायचं कारण नाही.

आता सफरचंदाचं बघू. आपल्या बाजारात सर्वाधिक दिसणारं लाल सफरचंद अमेरिकेचंच. सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकी गृहस्थांनी 1916 च्या सुमारास हिमाचलातल्या कोटगढला रेड डिलिशस जातीची लागवड केली आणि तिथून ती पहाडभर पसरली. जात कच्ची खायची. आंबटपणा कमी, आणि शिजली की गर भुसभुशीत होतो. पाश्चात्त्य देशांत शिजवायचं सफरचंद वेगळं ठेवतात. इंग्लंडचं ब्रॅमली नुसतं खाल्लं तर दात आंबतात, पण त्याचीच पाय आणि क्रंबल उत्तम होतात. आपल्याला हे समजायला अवघड नाही. लोणच्याची कैरी वेगळी आणि रसाचा आंबा वेगळा, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असतं. रसाच्या आंब्याचं लोणचं घालून ते फसलं म्हणून कुणी कृतीला दोष देत नाही. लाल सफरचंदाचा क्रिस्प मात्र लोक वर्षानुवर्षं करतात आणि तो मिळमिळीत का लागतो याचा विचार करतात. करायचाच असेल तर अर्धा किलोला एक अख्खं लिंबू पिळा आणि साखर निम्मी करा. बरा होतो. बरा होतो, इतकंच.

इथल्या क्रिस्पचं खरं फळ, माझ्या मते, कैरी. चैत्र संपता संपता गावरान झाडांवर कोय धरलेली पण पाड न लागलेली कैरी मिळते, तिची. कोवळी कैरी शिजली की विरघळते, आणि पाड लागलेली गोडसर आणि पाणचट होते. मधल्या अवस्थेतली कैरी सोलून बोटाच्या पेराएवढ्या फोडी केल्या की त्या भाजून मऊ होतात पण मोडत नाहीत. गुळांबा करणाऱ्या बाईला यात शिकवण्यासारखं काही नाही. फक्त गुळांब्याचा पाक जिथवर न्यायचा तिथवर न्यायचा नाही. फोडीला गूळ सुटून पातळ रस झाला, फोडी काचेसारख्या दिसू लागल्या की गॅस बंद. पुढचं काम ओव्हनचं. ब्रॅमली सफरचंद जो आंबटपणा देतं तो ही कैरी देते, शिवाय तिचा वास आपला असतो. वेलदोडा घालायचा मोह होतो. मी घालत नाही. कैरीवर तो सरबताची आठवण आणतो.

हिवाळ्यात पेरू. पेरूत पेक्टिन भरपूर, त्यामुळे त्याचा रस आपोआप दाट होतो आणि कॉर्नफ्लोअरची गरज पडत नाही. मधला बियांचा गोळा मात्र काढलाच पाहिजे. एकीने आळस करून बियांसकट केला तेव्हा तिचे सासरे दोन घास खाऊन उठले आणि काडी शोधू लागले. पेरू भाजला की त्याचा वास दुप्पट होतो, हे ज्यांना तो वास आवडत नाही त्यांनी लक्षात ठेवावं.

जांभूळ चवीला अप्रतिम, तुरटपणामुळे क्रिस्पला एक खोली येते. पण बिया काढता काढता बोटं आणि ओटा दोन्ही जांभळे होतात, आणि जांभूळ पिकतं तेव्हा मृगाची हवा सुरू झालेली असते. दमट हवेत वरचा थर तासाभरात सादळतो. तेव्हा जांभळाचा क्रिस्प करायचा तो पाहुणे बसलेले असताना, आधी नाही.

संत्र्याच्या बाबतीत मला विदर्भवासीयांचा रोष पत्करून लिहायला हवं. संत्र्याचा क्रिस्प करू नये. फोडी रसाने भरलेल्या असतात, तो सगळा रस सुटतो, पीठ त्यात बुडतं आणि तापल्यावर कडवटपणा वर येतो. फार तर कैरीत किंवा पेरूत सालीचा किंचित किस घाला. सीताफळाचंही तेच. आमच्या भागातल्या खडकाळ माळावर सीताफळाची झुडपं आपसूक उगवतात, दिवाळीच्या आसपास टोपल्या भरून येतात, त्यामुळे हे फळ फुकटात आहे तर वापरू या, असं वाटतंच. पण सीताफळ तापवलं की कडू होतं. बासुंदीत गर घालणारी बाई बासुंदी गार झाल्यावरच घालते ती उगाच नाही. भाजणी 180 अंशांची, तिथे त्याचा निभाव लागणार कसा? केळं एकटं घातलं तर लगदा होतो, पण आंबट फळाला जोडीदार म्हणून चांगलं. जांभळाच्या चौथ्या हिश्शाएवढं. बोरांचा क्रिस्प मी एकदाच केला. गावरान आंबट बोरं शिजल्यावर खरोखर छोट्या सफरचंदासारखी लागतात. पण पाव किलो गर काढायला दोन तास गेले आणि पोरांनी त्यातला निम्मा खाल्ला.

मोहाचं वेगळं सांगायला हवं. झरी जामणी तालुक्यात कोलाम आणि गोंड वस्ती मोठी, आणि मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली फुलं वेचणं हे त्या घरांचं हंगामी काम. वाळवलेलं मोहफूल म्हणजे जवळजवळ बेदाणाच, पण धुरकट, जरा आंबूस आणि थोड्या हट्टी वासाचं. तासभर कोमट पाण्यात भिजवून, मधले केसर काढून, बारीक चिरून दोन चमचे कैरीत मिसळले तर बेदाण्याची आठवण राहत नाही. तिसरा चमचा घातला की कैरी हरते. मोह आणि कैरी एकाच मोसमात येतात हे त्यातलं भाग्य.

फळाचं इतकं झालं. पण क्रिस्प फसतो तो बहुतेक वेळा फळामुळे नाही, वरच्या थरामुळे. आणि इथेच आपल्या बायका उगाच बिचकतात. इंग्रजी कृतीत लिहिलेलं असतं की थंडगार लोण्याचे तुकडे पिठात बोटांनी चोळा, पावाच्या चुऱ्यासारखं दिसेपर्यंत. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या घरात असतो. थंडगार लोणी डब्यातून ताटात येईपर्यंत त्याचं ताक व्हायची वेळ. पहिल्यांदा मी कृतीबरहुकूम करत बसले होते, परातीत पीठ आणि बोटांना चिकटलेलं लोणी, तेव्हा शेजारच्या काकू डोकावल्या. मूठभर पीठ उचलून त्यांनी मुठीत आवळलं, उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे त शंकरपाळ्याचं मोहन होय न बाप्पा. मंग लाटत काऊन नाही?”

त्या दिवसापासून मला क्रिस्प समजला. मोहन घालणं म्हणजे काय? पिठाच्या कणाकणाला तूप लावणं. तूप लागलेल्या कणाला पाणी धरवत नाही, कणकेचा चिकट तंतू तयार होत नाही, म्हणून शंकरपाळा चिवट न होता तोंडात विरतो. क्रिस्पच्या थराचं गुपित हेच आहे आणि त्याची परीक्षाही तीच: पिठाचा मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टिचकी मारली की फुटला पाहिजे. वळलाच नाही तर तूप कमी, टिचकीने फुटला नाही तर जास्त. कपात, ग्रॅममध्ये मोजण्यापेक्षा ही मुठीची परीक्षा भरवशाची, कारण प्रमाण पिठावर अवलंबून असतं. लोण्याऐवजी तूप वापरायचं तर एक गोष्ट ध्यानात ठेवायची. बाजारच्या लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्धांश आणि 16 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तुपात पाणी जवळजवळ नाहीच. म्हणून कृतीत 100 ग्रॅम लोणी असेल तिथे 80 ग्रॅम तूप पुरतं. लोण्यातलं पाणी भाजताना वाफ होऊन थराला हलकेपणा देतं, तो तुपात मिळत नाही, हेही खरं. त्याची भरपाई पोहे करतात, ते पुढे येईल.

मराठीत एक सोय आहे जी इंग्रजीत नाही. क्रिस्प या एका शब्दाच्या जागी आपल्याकडे दोन शब्द आहेत, खुसखुशीत आणि कुरकुरीत, आणि क्रिस्पच्या थरात दोन्ही हवेत. खुसखुशीत करतं तूप. कुरकुरीत करते साखर. ती भाजताना वितळते, पिठाच्या कणांना जोडते आणि निवताना काचेसारखी घट्ट होते. ओव्हनमधून काढल्या काढल्या थर बोटाला मऊ लागतो तो याचमुळे. घाबरून पुन्हा आत ढकलणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि तो जळतो. दहा-पंधरा मिनिटं उघडा ठेवा, आपोआप कुरकुरतो. वरच्या थरात गूळ घालायचं फॅड मध्यंतरी आलं होतं, साखर वाईट म्हणून. गूळ हवेतलं पाणी ओढतो. पावसाळ्यात डब्यातला गूळ कसा पाझरतो ते प्रत्येकाने पाहिलंय. त्याचा थर अर्ध्या तासात वाळूच्या ओल्या ढिगासारखा होतो. गूळ फळात घाला, हवा तेवढा, वर साखरच.

पीठ कोणतं, याचं उत्तर मी ज्वारी असं देईन, आणि त्यात अभिमानापेक्षा सोय जास्त आहे. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही. भाकरी थापताना हीच अडचण होते, उकडीची खटपट करावी लागते. पण क्रिस्पमध्ये तंतू नकोच आहेत, त्यामुळे भाकरीचा दोष इथे गुण ठरतो. नुसती ज्वारी मात्र रेताड लागते, चमच्यातून ओघळते. तीन भाग ज्वारी आणि एक भाग कणीक हे प्रमाण मला बरंच धडपडून सापडलं. दुर्दैव असं की आमच्या भागात ज्वारीचं शेतच दिसेनासं झालंय. सोयाबीन आणि कपाशीने ती खाऊन टाकली आणि राहिलेली रानडुकरांनी. खेड्यात राहून ज्वारी किराणा दुकानातून किलोने आणावी लागते.

ओट्सच्या जागी पातळ पोहे. चिवड्याचे, नायलॉन नव्हेत. ओट्सचं काम क्रिस्पमध्ये चवीचं कमी आणि अंगाचं जास्त असतं: पिठाच्या भुग्यात मधेच पातळ, कडक पापुद्रा दाताखाली यावा. पोहे ते चोख करतात, अट एवढीच की आधी कढईत कोरडे भाजून हाताने जरा चुरडायचे. न भाजता घातले तर फळाची वाफ पिऊन चामड होतात. कुरमुऱ्याचा प्रयोग करू नका, मी केलाय. ज्वारीचे पोहे मिळाले तर सोन्याहून पिवळं. वर दोन चमचे चारोळी किंवा भाजलेलं जवस. जवसाची चटणी ज्या घरात रोज होते तिथे ते भाजलेलं तयारच असतं, आणि त्याचा तो किंचित तेलकट, खमंग कडकपणा कैरीच्या आंबटावर फार शोभतो. बदाम-काजू घालणाऱ्यांनी घालावेत.

आता विस्तव. हा विषय खरा वादाचा.

क्रिस्पला उष्णता वरून हवी. खालून फळ शिजतं, त्याला काही विशेष लागत नाही, चुलीवरही शिजेल. वरचा थर भाजायला मात्र कोरडी, वरून येणारी धग पाहिजे. व्हिडिओंमध्ये सर्वांत जास्त सांगितला जाणारा उपाय म्हणजे कुकरची रिंग आणि शिटी काढून, तळाला मीठ किंवा वाळू पसरून, त्यावर जाळी ठेवून आत भांडं. केकला हे चालतं, कारण केक आतून फुगतो आणि वरून फिकट राहिला तरी कुणी मनावर घेत नाही. क्रिस्पला अजिबात चालत नाही. कुकरच्या झाकणाखाली फळाची वाफ कोंडते, वरचा थर त्या वाफेत उकडतो आणि निघतं ते गोड ढोकळ्यासारखं काहीतरी. कोरडं तापवल्याने कुकर खराब होतो तो वेगळाच. या एका उपायाने जितके क्रिस्प बिघडवले तितके दुसऱ्या कशाने नसतील.

घरचा विजेचा छोटा ओव्हन, म्हणजे ओटीजी, हे सरळ उत्तर. पण त्यातही खेड्याची एक मेख आहे. कृतीत लिहिलेली 40 मिनिटं पुऱ्या दाबाच्या विजेची असतात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळीकडे कूलर आणि पंप सुरू झाले की दाब उतरतो, हे दिव्याच्या पिवळेपणावरून कळतं. विजेच्या तारेतून निघणारी उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. 230 व्होल्टच्या जागी 180 आले तर उष्णता 61 टक्क्यांवर येते. म्हणजे दाब पाचव्या हिश्श्याहून थोडाच जास्त उतरला आणि धग तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेली. माझे पहिले दोन क्रिस्प यातच गेले. ओव्हन वाईट निघाला म्हणून मी दुकानदाराशी भांडूनही आले, बिचारा ऐकून घेत होता. आता मी क्रिस्प सकाळी नऊच्या आत करते किंवा रात्री दहानंतर, आणि घड्याळाकडे न पाहता कडेकडे पाहते. कडेने फळाचा रस दाट बुडबुड्यांनी वर येऊ लागला आणि थराला भाजक्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग आला की झालं. मग 40 मिनिटं लागोत की 65.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांना मी एक लबाडीचा उपाय सांगते आणि तो लबाडी म्हणून नाकारू नये. फळ पातेल्यात वेगळं शिजवा. वरचा भुगा जाड बुडाच्या कढईत, रव्याच्या लाडवांसाठी रवा भाजतो तसा, मंद आचेवर सतत हलवत पंधरा मिनिटं भाजा; साखर शेवटी, गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी. ताटात पसरून पूर्ण निवू द्या. खायला देताना वाटीत गरम फळ आणि वर भुगा. तो कधीही सादळत नाही, डब्यात आठवडाभर राहतो, आणि पोरं नुसता खाऊन संपवतात. यात एकच गोष्ट हुकते: कडेची. भांड्याच्या कडेला उकळून वर आलेला पाक थराच्या काठात मुरतो, तिथे एक बोटभर पट्टा चिकट, काळसर, अर्धा चिक्की आणि अर्धा मुरांबा असा होतो. क्रिस्प खाणारे ज्यासाठी खातात तो हा पट्टा. तो भाजल्याशिवाय येत नाही.

बेकरीच्या भट्टीचा पर्याय जुना आणि खात्रीचा. दिवाळीत नानकटाईचं पीठ घरी मळून, पत्र्याच्या ट्रेमध्ये लावून बेकरीत न्यायचं आणि आपला ट्रे ओळखू यावा म्हणून कडेला दोरा बांधायचा, हे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पन्नाशीतल्या बायकांना आठवतं. लाकडाच्या भट्टीतून पावाचा घाणा निघाला की ती हळूहळू उतरू लागते, आणि नानकटाई त्या उतरत्या धगीवर भाजली जाते. क्रिस्पलाही तीच हवी. अडचण अशी की एका पातेल्यासाठी भट्टीवाल्याला गळ घालायला संकोच वाटतो. मैत्रिणींनी मिळून सहा पातेली नेली तर वाटत नाही.

आणि मग आहे आपल्या घरातलाच विस्तव, ज्याचा विचार व्हिडिओवाल्यांना सुचत नाही. वरून-खालून धग देऊन भाजणं मराठी स्वयंपाकाला नवं नाही. कोकणात काकडीची तवसळी करताना पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवत. गोव्यात बिबिंकचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजत. अमेरिकेत वसाहतवाले लोखंडी हंड्याच्या झाकणावर कोळसे ठेवून पीच आणि सफरचंदाचे पदार्थ करत, तोही हाच प्रकार. विदर्भात तर शेतातल्या पंगतीला रोडगे होतात ते गोवऱ्यांच्या आरात, चहूबाजूंनी धग लागून. पानगे पळसाच्या पानांत दाबून तसेच भाजतात. पळसाचं पान करपतं, आतला पानगा कधी करपत नाही. इतकं बारीक तापमान सांभाळणारे लोक आपण, आणि एका ओव्हनवाचून अडतो.

म्हणून मागच्या वैशाखात शेतावर रोडग्यांचा बेत होता तेव्हा मी घरून सामान बांधून नेलं. अर्धा किलो कैरीच्या फोडी आणि पाव किलोहून थोडा कमी गूळ घरीच आटवलेला, त्यात दोन चमचे चिरलेलं मोहफूल आणि चिमूटभर मीठ. वरच्या थरासाठी पाऊण वाटी ज्वारीचं पीठ, पाव वाटी कणीक, मूठभर भाजून चुरडलेले पोहे, अर्धी वाटी साखर, दोन चमचे जवस. तूप जवळजवळ अर्धी वाटी, ते मात्र रात्री फ्रीजमध्ये घट्ट करून, सकाळी पिठात चोळून, मुटका पाहून, डबा पुन्हा फ्रीजमध्ये आणि तिथून थेट ओल्या फडक्यात. शेतावर जाड बुडाच्या गंजात तळाला कैरी, वर भुगा दाबून न बसवता सैल भुरभुरवला. दाबला की पोळी होते.

काकूंनी रोडगे काढल्यावर उरलेला आर सारखा केला, गंज त्यात दोन बोटं रुतवला, वर उथळ लोखंडी परात पालथी न घालता सुलटी ठेवली आणि तिच्यात जळत्या गोवऱ्यांचे चार-पाच तुकडे. वाफेला वाट राहावी म्हणून परातीखाली एका बाजूला खडा सरकवला. ही युक्ती त्यांचीच, मी सांगितली नव्हती. खाली आर कमी आणि वर जास्त, हे मात्र मी हट्टाने करवून घेतलं. वीस मिनिटांनी परात चिमट्याने उचलून गंज अर्धा फिरवला, कारण वाऱ्याच्या बाजूची गोवरी जोरात पेटते. पस्तीस मिनिटांनी कैरी आणि भाजक्या ज्वारीचा वास बांधापर्यंत पोचला.

एक बाजू करपली होतीच. थोडी राखही पडली होती, ती फुंकरीने उडवली. आइस्क्रीम नेणं शक्य नव्हतं आणि माझ्या मते लागतही नाही, कैरीच्या आंबटावर ते फार गोड पडतं. कुणीतरी दह्याचं मडकं आणलं होतं, त्यातली वरची साय आणि घट्ट दही वाटीत घातलं. गरम क्रिस्पवर थंड दही. पुरुषमाणसं वांग्याची भाजी आणि वरण खाऊन आडवी झाली होती, त्यांनी चमचाभर चाखून “चांगलं हाय” म्हटलं आणि पुन्हा डोळे मिटले. पोरांनी मधला भाग संपवला.

मी उरलेला क्रिस्प डब्यात भरायला घेतला, गरम असताना झाकण लावू नये म्हणून डबा उघडा ठेवून. काकू गंज मांडीवर घेऊन बसल्या आणि उलथन्याच्या टोकाने काठ खरवडू लागल्या. मी हात पुढे केला तसा त्यांनी गंज जरासा पलीकडे वळवला.

“मधलं ने तू घरी,” त्या म्हणाल्या. “कडेचं राहू दे.”